हनुवटीचा प्रश्न

निअँडरथल मानवाच्या जबड्याला पुढे आलेली हनुवटी नव्हती. ती आधुनिक मानवालाच लाभली, आणि ती कशासाठी, याविषयी मानवशास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही. प्रयोजनच संदिग्ध असलेल्या या हाडावर संस्कृतीने मात्र अर्थांचा मोठा भार घातला. लाव्हाटर या स्विस धर्मोपदेशकाने १७७५ ते १७७८ या काळात मुखसामुद्रिकावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे आलेली हनुवटी त्याच्या लेखी भावात्मक, तर मागे सरलेली अभावात्मक गुणांची द्योतक ठरली. मराठी मनाला हा निवाडा तसा परका. येथे रुसलेल्याची समजूत हनुवटी धरून काढली जाते. हनुमंताला तर त्याचे नाव वज्राघाताने भंगलेल्या हनूवरूनच मिळाले. तरीही आरशात स्वतःची बाजू न्याहाळणाऱ्या तरुणाला आज लाव्हाटरचाच निकाल ऐकू येतो, आणि पावले शल्यविशारदाकडे वळतात.

तेथे दोन प्रमुख मार्ग समोर येतात. पहिला रोपणाचा. हनुवटीखालून किंवा तोंडाच्या आतून छेद घेऊन हाडावर सिलिकॉनचा घडीव तुकडा बसवायचा. शस्त्रक्रिया तुलनेने लहान, आणि नकोसा झाल्यास तुकडा काढताही येतो. पण परके द्रव्य ते परकेच. ते सरकू शकते, त्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो, कालांतराने त्याच्या दाबाखाली मूळ हाडही झिजू शकते.

दुसरा मार्ग अस्थिच्छेदाचा. होफर यांनी १९४२ मध्ये त्याचे वर्णन केले. १९५७ मध्ये ओब्वेगेझर यांनी तोंडाच्या आतून तो करण्याची रीत मांडली. दातांच्या मुळांखाली हाड आडवे कापून तोच तुकडा पुढे सरकवायचा आणि टायटॅनियमच्या पट्टीने व स्क्रूंनी पक्का करायचा. येथे हाड स्वतःचेच; त्याला जोडलेले स्नायूही सोबत पुढे येतात. हनुवटीची उंची कमी-अधिक करणे, वाकडेपणा काढणे हेही त्यातून साधते. मात्र सूज अधिक, आणि खालच्या ओठाची संवेदना काही काळ, क्वचित कायमची, मंदावते. सुईने भरायचे द्रव्य हा तिसरा पर्याय. ते यथावकाश विरून जाते, म्हणून ती निर्णयाची रंगीत तालीम म्हणावी.

या तुलनेआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हनुवटी लहान आहे, की सबंध खालचा जबडाच मागे आहे? दातांचा मेळ बसत नसेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर केवळ हनुवटी पुढे आणणे म्हणजे खचलेल्या पायावरची दर्शनी भिंत रंगवणे. तेथे दात सरळ करण्याचे उपचार आणि जबड्याचीच शस्त्रक्रिया विचारात घ्यावी लागते.

श्वासासाठी आणि घासासाठी ज्याला शस्त्र हवे, त्याचा निर्णय त्या मानाने सोपा. इतरांच्या नजरेसाठी ज्याला ते हवे, त्याने त्या नजरेचा अधिकार आधी तपासावा. तपासूनही इच्छा टिकली, तर तिला हिणवण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही; चेहरा घेऊन जगायचे असते ते त्यालाच.