नोंद राहत नाही

१९६०. अमेरिकी हवाई दलातला एक तरुण खोलीत खेळण्यातलं विमान जोडत बसला होता. सोबत्याने भिंतीवरची छोटी तलवार काढून गमतीत मागून टोचली. हा वळला. पातं उजव्या नाकपुडीतून मेंदूत शिरलं.

तो जगला. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला एन. ए. म्हणतात.

जाहिरातीच्या आधीची गोष्ट गेली. टीव्हीवर मध्येच जाहिरात लागली की मालिकेत काय चाललं होतं ते पुसलं जायचं.

स्वयंपाक गेला. कशानंतर काय घालायचं, हा क्रम राहत नव्हता.

गप्पांचा धागा गेला. मागच्या भेटीत काय बोललो ते पुढच्या भेटीला नसे. मग जवळचे मित्रही राहिले नाहीत.

शब्दांची आठवण जास्त गेली, चित्रांची कमी.

१९६०च्या आधीचं बरंचसं राहिलं. बुद्ध्यंक १२४. हुशारी शाबूत, आणि तिच्यात रोजचा दिवस साठत नाही. मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

१९७९ मध्ये लॅरी स्क्वायर आणि रॉबर्ट मूर यांनी सीटी स्कॅनवरून जखमेची जागा सांगितली : डावा थॅलॅमस. पुढे एमआरआयमध्ये आजूबाजूचीही इजा दिसली.

थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेली अंडाकृती जोडी. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, त्वचेला जाणवलेलं तिथूनच पुढे जातं. ती आठवणींची कोठी नव्हे. पण आठवण घडवणारा हिप्पोकॅम्पस आणि ती यांच्यामध्ये तंतूंचा एक बारीक जुडगा आहे. तो तुटला की कोठी धड असूनही नवं आत जात नाही. बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली तरी हेच होऊ शकतं.

तलवार लागतेच असं नाही. १८८७ मध्ये रशियातल्या सेर्गेई कोर्साकोव्ह यांनी दारूने खंगलेल्या माणसांतला विस्मरणाचा आजार नोंदवला. मूळ कारण ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता. तिच्यात थॅलॅमसही झिजतो. सकाळी कोण भेटून गेलं, ते जातं. आपण विसरतो आहोत, हेही जातं. रिकाम्या जागी माणूस काहीतरी शोभेलसं सांगतो : बाजारात गेलो होतो, भाऊ आला होता. घरचे म्हणतात, थापा मारतो. ती थाप नव्हे. त्याला ते खरंच वाटत असतं. त्याला खोटारडा म्हणू नका.

पूर्ण जडलेला हा आजार क्वचितच पुरता बरा होतो. पण वेळेत ब-१ मिळालं तर टळू शकतो. घरात कुणी वर्षानुवर्षं पीत असेल, जेवण सुटलं असेल, किंवा गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या थांबत नसतील, तर ग्लुकोजचं सलाईन लावताना डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : ब-१ दिलंय का?