खापरपणजोबांचा पासपोर्ट

इटलीला जाताना लोक बॅगेत काय भरतात? गॉगल, स्कार्फ, फोटोसाठी एखादा लाल ड्रेस. माझ्या मैत्रिणीच्या बॅगेत होती एक जाडजूड निळी फाइल! पाच पिढ्यांचे जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले. प्रत्येकाचं भाषांतर, प्रत्येकावर अपोस्टिलचा शिक्का. आणि सगळ्यात वर एक कागद… खापरपणजोबांनी ब्राझीलचं नागरिकत्व कधीच घेतलं नव्हतं, याचा पुरावा.

ही माझी पुण्यातली जुनी रूममेट. एका संस्थेत इंटर्नशिपला आली होती आणि वर्षभरात आमच्या किचनमधली सगळी भाकरी-भाजी शिकून गेली. गाव उरुसांगा, ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात. 1878 मध्ये उत्तर इटलीतून आलेल्या लोकांनी वसवलेलं. तिच्या आजीच्या घरी अजून पोलेंता शिजतो आणि भांडणं ‘तालियान’मध्ये होतात. तालियान म्हणजे व्हेनेतो प्रांतातल्या शेतकऱ्यांनी बोटीतून सोबत नेलेली, ब्राझीलमध्ये जपली गेलेली बोली.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे 2025 मध्ये, आम्ही दोघी व्हेनिसमध्ये भेटलो. गोंडोलात बसलो नाही (रेट ऐकलात तर तुम्हीही बसणार नाही!). सरळ ट्रेन पकडली आणि डोंगराकडे निघालो.

आधी आजोबा, मग फॉर्म

थोडा इतिहास, कंटाळू नका. 1876 ते 1915 या काळात सुमारे 1 कोटी 40 लाख लोक इटली सोडून गेले. कारण साधं होतं, पोट. कुणी ब्राझील गाठलं, कुणी अर्जेंटिना, कुणी न्यूयॉर्क. पण इटलीचा कायदा रक्त मानणारा. बाप इटालियन तर मूल इटालियन, मग ते जगात कुठेही जन्मो. पिढ्यांना मर्यादाच नाही! पूर्वज 17 मार्च 1861 ला, म्हणजे इटलीचं राज्य जाहीर झालं त्या दिवसानंतर हयात असावा आणि पुढच्या पिढीच्या जन्माआधी त्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं, एवढं सिद्ध केलं की झालं. मधे एखादी बाई आली तर मात्र घोळ. 1 जानेवारी 1948 च्या आधी जन्मलेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व मिळत नसे, त्यासाठी कोर्टात जावं लागे. माझ्या मैत्रिणीची साखळी पणजोबा, आजोबा, बाबा अशी. एकदम सरळ.

तिनं 2016 मध्ये वकिलातीच्या रांगेत नाव घातलं. हो, तिथली रांग वर्षांत मोजतात. अपॉइंटमेंट येईपर्यंत ती एकेक कागद गोळा करत राहिली. अपॉइंटमेंट आलीच नाही. 28 मार्च 2025 ला इटलीच्या सरकारनं वटहुकूम काढला आणि मे महिन्यात त्याचा कायदा झाला. आता साधारणपणे आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणीतरी फक्त इटालियन नागरिक असायला हवं. जुना नियम कुणाला? 27 मार्चच्या रात्री 11.59 पर्यंत अर्ज दाखल केलेल्यांना, किंवा तोवर ज्यांना अपॉइंटमेंट कळवली होती त्यांना.

‘‘म्हणजे मी 27 तारखेला रात्री इटालियन म्हणून झोपले आणि सकाळी नुसती ब्राझिलियन म्हणून उठले,’’ ती म्हणाली. हसत होती, पण फाइल तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही.

खिळ्यांचं खोरं

लाँगारोने-झोल्दो स्टेशनवर उतरलो. गाव बघून मी जरा खट्टूच झाले. जुन्या दगडी घरांऐवजी सगळं सिमेंट! कारण कळलं तेव्हा गप्प बसले. 9 ऑक्टोबर 1963 च्या रात्री वायोंत धरणाच्या जलाशयात अख्खा डोंगर घसरला. लाट भिंतीवरून उसळली आणि जुनं लाँगारोने वाहून गेलं. जवळजवळ दोन हजार माणसं गेली. धरणाची भिंत आजही उभी आहे.

तिथून बस माए नदीच्या काठाकाठानं वर चढते. पाऊण तासात व्हाल दी झोल्दो. समोर पेल्मो, मागे चिव्हेत्ता, डोलोमाइट्सचे हे दोन दिग्गज. एकेकाळी या खोऱ्यात व्हेनिसच्या जहाजांसाठी लोखंडी खिळे बनत. त्याचं छोटं म्युझियम आहे. नंतर इथले लोक जिलेटो विकायला व्हिएन्ना आणि जर्मनीत पसरले. थोडक्यात, जाणं इथल्या रक्तातच.

जेमतेम तीन हजार वस्तीच्या या गावात ब्राझीलहून नागरिकत्वाचे इतके अर्ज येऊन पडले, की 2025 च्या सुरुवातीला महापौरांनी निषेध म्हणून नगरपालिकेवर चक्क ब्राझीलचा झेंडा लावला! ऑफिसात कर्मचारी मोजके. त्यांनी गावातल्या लोकांची कामं करायची की शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे दाखले शोधायचे? परदेशात राहणारे इटालियन नागरिक दहा वर्षांत 46 लाखांवरून 64 लाखांवर गेले, असं सरकारनंच सांगितलं. हे ऐकल्यावर रांगेतल्या माणसाइतकीच मला खिडकीमागच्या माणसाचीही दया आली.

इथे सरकारी जन्मनोंद 1871 ला सुरू झाली. मैत्रिणीच्या खापरपणजोबांचा जन्म 1869 चा. म्हणजे नोंद चर्चच्या वहीत. फादरनी वही टेबलावर ठेवली, पानं उलटली, बोट थांबवलं. पिवळं पान, किरटी अक्षरं. जोवान्नी. ब्राझीलमध्ये उतरल्यावर त्याचा ‘जोआओ’ झाला आणि आडनावातलं एक अक्षरही बदललं. ते अक्षर दुरुस्त करायलाच तिला दीड वर्ष लागलं होतं.

मला एकदम माझी जात पडताळणी आठवली. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला बाबा तीन गावं फिरले होते. जुन्या मोडी कागदांवर किती घरांचं भवितव्य टांगलेलं असतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नकोच. आणि गोव्यात? 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेल्या आजोबांची नोंद लिस्बनमध्ये करून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेले कितीतरी जण आहेत. फरक एवढाच, की आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. तो पासपोर्ट आला की भारताचा जातो.

‘‘मला वाटलं होतं मी रडेन,’’ बाहेर आल्यावर ती म्हणाली. ‘‘पण मला भूक लागलीय.’’ मग पायरीवर बसून म्हणाली, ‘‘खरं सांगू? मला इटली नकोच होती. बर्लिनमध्ये नोकरी हवी होती. आज पहिल्यांदा वाटलं, त्या माणसाला फक्त व्हिसासाठी उठवायला नको होतं.’’

कॉफी, दोन चमचे साखर

परतीच्या ट्रेनला वेळ होता, म्हणून लाँगारोनेत एका बारमध्ये शिरलो. (इकडे बार म्हणजे कॉफीची टपरी, घाबरू नका.) काउंटरवरच्या मुलीनं मला पाहून हिंदीत विचारलं, ‘‘दीदी, शुगर?’’ सतरा वर्षांची. आई-वडील पंजाबचे, बाबा चष्म्याच्या फ्रेम बनवणाऱ्या कारखान्यात. जन्म इथला, शाळा इथली. पासपोर्ट भारताचा. अठरा पूर्ण झाली, की वर्षभराच्या आत तिला अर्ज करता येणार होता. मधल्या काळात सलग इटलीत राहिल्याचे कागद हवेत. तीही फाइल जमवत होती! युरोपियन युनियनबाहेरून आलेल्यांना नागरिकत्वासाठी दहा वर्षं राहावं लागतं. ती अट पाचवर आणण्यासाठी जून 2025 मध्ये सार्वमत झालं, पण निम्मे मतदारही आले नाहीत, त्यामुळे ते बाद.

मैत्रिणीनं आजीच्या तालियानमध्ये कॉफीचं कौतुक केलं. मुलगी आधी चमकली, मग खो खो हसत सुटली. ‘‘असं तर शेजारच्या नव्वद वर्षांच्या आजी बोलतात!’’ आणि तिनं त्याच बोलीत उत्तर दिलं. पुढची वीस मिनिटं त्या दोघी बोलत होत्या. एकीचं रक्त या खोऱ्यातलं, दुसरीचा जन्म इथला. बोली एक, आणि इटलीचा पासपोर्ट दोघींकडे नाही. दोघींच्या मधे मराठी मी, एक अक्षर न कळता कॉफी पीत बसले.

ट्रेनमध्ये फाइल सीटखाली होती. मैत्रीण फोनवर आजीला सांगत होती, ‘‘अगं, तिथे एक मुलगी भेटली. अगदी तुझ्यासारखं बोलते.’’

जायचंय? शेन्गेन व्हिसा लागतो. व्हेनिसहून लाँगारोने-झोल्दोपर्यंत ट्रेन, पुढे बस. परतीच्या बसची वेळ उतरतानाच बघून ठेवा. डोंगर आहे, रिक्षा मिळणार नाही!