तीन वॉटचा आवाज

आमच्या घरी वर्ष-दीड वर्ष आवाजावरून कुरबुर चालू होती. अब्बांचे वय ७६. कान मंदावले तसा टीव्हीचा आवाज वाढत गेला, त्याबरोबर अम्मीची डोकेदुखी वाढली, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनी दोनदा दार ठोठावले. अब्बांची तक्रार मात्र वेगळीच होती. आवाज ऐकू येतो, ते म्हणत, पण बातम्या वाचणारा शब्द चावतो.

कानाच्या डॉक्टरांनी याचे कारण सांगितले. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असतात. स्वर खालच्या पट्टीत. त्यामुळे कोणी बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे ते कळत नाही. त्यात टीव्हीचे स्पीकर चिमुकले आणि तोंड भिंतीकडे. आवाज वाढवला की फाटायला लागतो, आणि फाटलेल्या आवाजात उरलेसुरले शब्दही हरवतात.

आम्ही दोघे भाऊ, एक वायरमन, एक शाळामास्तर. माळ्यावर अब्बांचा व्हॉल्व्हचा रेडिओ पडून होता. त्याच्या शेवटच्या टप्प्यात ईसीएल ८२ नावाचा व्हॉल्व्ह आहे. एकाच काचेच्या बाटलीत दोन व्हॉल्व्ह: पहिला क्षीण आवाज मोठा करतो, दुसरा स्पीकर चालवतो. ताकद तीनेक वॉट. हल्ली लहानशा डब्यावरही शेकडो वॉट छापलेले असतात, त्यापुढे हे हसण्यासारखेच. तरी तेवढाच भाग घेऊन वेगळा अँप्लिफायर बांधायचा आणि टीव्ही त्याला जोडायचा, असे आम्ही ठरवले.

आधी घरातले छोटे स्पीकर लावून पाहिले. त्यांच्या पाठीवर ८६ डेसिबल लिहिले होते. म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर तेवढा आवाज. यातला हिशेब मोठा गमतीचा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट वॉट लागतात, १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट. म्हणून ९६ डेसिबलचा स्पीकर १ वॉटमध्ये जे करतो, त्यासाठी ८६ वाल्याला १० वॉट हवेत. मिरजेच्या सतारी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. वीज नाही, वॉट नाही. तार छेडणारे बोटही तेच. आवाज भरतो तो भोपळ्याने आणि तबकडीने.

छोट्या स्पीकरवर बातम्या ठीक आल्या, पण कव्वालीत ढोलकची थाप पडली की आवाज फाटे. मग जुन्या बाजारातून १० इंची, हलक्या कागदी पडद्याचा स्पीकर आणला आणि कपाटाच्या मोडक्या दाराला भोक पाडून त्यात बसवला. फळी हवीच. नाहीतर पडद्याच्या मागचा आवाज पुढच्याला मारतो आणि खर्ज उरत नाही. ही फळी अब्बांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, कानाच्या उंचीला ठेवली. बटण पाव फिरवले.

"अरे, हा आता नीट बोलतो की!" अब्बा म्हणाले. अम्मी आतल्या खोलीत होती. टीव्ही चालू आहे हे तिला कळलेच नाही.

आता श्रेय कोणाचे? व्हॉल्व्हच्या गोडव्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. आम्ही त्याच स्पीकरला साधा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर जोडला आणि अब्बांना डोळे मिटायला सांगितले. त्यांना फरक सांगता आला नाही, आम्हालाही जेमतेम. आमच्या मते तीन हिस्से काम स्पीकरचे आणि जवळ ठेवण्याचे. व्हॉल्व्ह ठेवला तो अब्बांसाठी. काचेतली तांबूस तार पेटताना त्यांना बघायची असते.

कोणाला करून पाहायचे असेल तर विजेचे काम जाणणाऱ्यालाच हात लावू द्या. आत २०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. काही जुन्या रेडिओंना मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यांचा पत्रा थेट विजेला जोडलेला असतो. असा रेडिओ टीव्हीला कधीच जोडू नये. स्पीकर न लावता सेट चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. बाटली चटका बसेल इतकी तापते, म्हणून आम्ही वर जाळी ठोकली. घरात मुले आहेत.

कानाचे मशीन लावायला अब्बा इतके दिवस तयार नव्हते. परवा नात जेवताना त्यांना शाळेतले काही सांगत होती. ते नुसतेच मान हलवत राहिले. मग स्वतःच म्हणाले, "टीव्हीचे कळते रे, हिचे कळत नाही. हिला कुठे फळीवर बसवणार?" पुढच्या सोमवारी तपासणीला जायचे आहे.