चावी

लिस्बनमध्ये आईची पहिली तक्रार चढांची. 1755च्या भूकंपात खालचं शहर कोसळलं, आल्फामाची ही जुनी वस्ती बरीचशी वाचली, असं मी सांगत होते. "आणि माझे गुडघे?" तिनं विचारलं.

बेलेंच्या मठात वास्को द गामाचं थडगं आहे. मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून मठ उभा राहिला, हे ऐकून ती वर छताकडे बघत म्हणाली, "म्हणजे आपल्या मिऱ्यांवर." मिरी केरळची, पण वसईत वाढलेल्या बाईला मी दुरुस्त करायला गेले नाही.

खरी अडचण बोलण्याची होती. तिला इंग्रजी येत नाही. घरी सगळ्यांना गप्प करणारी आई इथे माझ्यामागे मुकाट चालायची, आणि मला त्याचा वैताग यायचा. तिसऱ्या दिवशी चिडून तिला खोलीवर सोडलं नि एकटीच भटकले.

परतले तर ती जिन्यात बसलेली. दार मागे ओढलं गेलं होतं, चावी आत. शेजारी खालच्या मजल्यावरची काळ्या कपड्यांतली म्हातारी, दोघींमध्ये ताटलीत पाव.

"मी चावी म्हटलं, ती शाव म्हणाली. तिनंच मालकाला फोन केला," आई म्हणाली. "पाव कळला, बटाटा कळला. नवऱ्याचं विचारायला मात्र शब्द मिळेना. मग तिनं आपल्या कपड्यांकडे बोट केलं, मी माझ्या मोकळ्या गळ्याकडे."