फारोची एक रात्र

पेसाह म्हणजे मिसरच्या गुलामीतून इस्राएलांच्या सुटकेचा सण. त्या रात्री आजोबा ती कथा सांगणारी पोथी, हग्गादा, आधी हिब्रूत वाचत, मग मराठीत. आम्हा कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंसाठी ती 1874 साली पुण्यात मराठीत छापली गेली होती. रक्त, बेडूक, उवा... देवानं मिसरवर आणलेल्या दहा पीडांची नावं ऐकताना आम्हा मुलांना मजा येई. मिसरचा राजा फारो शेवटी हरणार हे ठाऊकच असे.

कॉलेजात असताना बायबलमधलं ‘निर्गम’ हे पुस्तक स्वतः वाचलं आणि संताप आला. देवच फारोचं मन कठीण करतो, मग दोष त्याचा कसा? हा प्रश्न वर्षानुवर्षं सुटला नाही. पुढे ओळ न् ओळ लावून वाचलं, तेव्हा दिसलं की पहिल्या पाच पीडांनंतर त्याचं मन त्याचं तोच घट्ट करतो. देवानं ते कठीण केलं, असं प्रथम येतं ते सहाव्या पीडेला, अंगावर फोड उठतात तेव्हा. बाराव्या शतकातले ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीस म्हणतात, माणूस आपखुशीनं इतका अन्याय करत जातो की पश्चात्तापाची वाटच त्याला बंद होते, आणि तीच त्याची शिक्षा. मला हे पटतं. विटांसाठीचा पेंढा बंद करून विटा मात्र तितक्याच मागणारा हा राजा. त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं.

पण मी सर्वांत जास्त थांबतो ते बेडकांपाशी. बिछान्यात बेडूक, भट्टीत बेडूक, कणकेच्या परातीत बेडूक. इस्राएलांचा नेता मोशे विचारतो, हे जावेत म्हणून प्रार्थना कधी करू? फारो म्हणतो, उद्या. हातातोंडाशी आलेली सुटका तो एक रात्र लांबवतो. ‘आत्ता’ म्हटलं असतं तर आपण अगतिक आहोत हे मोशेसमोर कबूल झालं असतं. गर्वाचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मग घासाघीस सुरू होते: पुरुषांनीच जा, गुरं ठेवून जा. मिसर उद्ध्वस्त झाला हे दरबारी तोंडावर सांगतात, तरीही. थोरला मुलगा गेल्यावर मध्यरात्री तो मोशेला म्हणतो, सगळं घेऊन जा, आणि मलाही आशीर्वाद द्या. हे वाक्य वाचताना अजून माझा घसा दाटतो. त्यानंतर तोच सहाशे निवडक रथ घेऊन पाठलागाला निघतो.

‘पिर्के द रब्बी एलिएझर’ या जुन्या ग्रंथात फारो त्याचं सैन्य बुडवणाऱ्या समुद्रातून वाचतो आणि पुढे निनवे शहराचा राजा होतो. संदेष्टा योना देवाचा निरोप घेऊन येतो, तेव्हा तो सिंहासनावरून उठून गोणपाट नेसतो. नातवंडांना मी ही गोष्टही सांगतो, आणि ती खरी असावी असं मला फार वाटतं.