माळ्यावरची राखण

हस्ताचा पाऊस उघडून शाळूची पेरणी हातावेगळी झाली आणि काळ्या रानात हरभऱ्याच्या ओळी नजरेस पडू लागल्या, की आमच्या जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यास पावसाची विवंचना सरून हरणांची विवंचना लागते. दुधना आणि गोदावरी यांच्या दरम्यान अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांचा जो उघडा, विरळ झाडांचा मुलूख पसरला आहे, त्यात काळविटांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. आणि माळ मोडून शेते वाढत गेली तसतसा त्यांचा चारा आणि आमचे पीक यांच्यातला बांध नाममात्र उरला. जमिनीतून नुकतेच वर आलेले सोयाबीन, मूग, हरभरा यांचे कोवळे शेंडे हा कळप असा निगुतीने खुडून नेतो, की उजाडता शेतात गेलेल्या माणसास पेरणी झालीच नव्हती की काय असा संभ्रम पडावा. काळवीट सकाळ-संध्याकाळचे, तर रोही आणि रानडुकरे रात्रीची, अशी या स्वारीची वाटणी असल्यामुळे राखणदारास आठही प्रहर उसंत मिळत नाही.

निजामाच्या अमलात, म्हणजे 1948 च्या सप्टेंबरपर्यंत, या भागात बंदुकीचा परवाना बाळगणारे जमीनदार हरणामागे कसे जात, याच्या गोष्टी आमच्या घरातील वडीलधारी मंडळी सांगत असत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळविटास पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आणि तो अध्याय संपला. आणि तो संपला हे योग्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकारी गेला, पण शिकाऱ्याचे मचाण राहिले. राखणीसाठी उंचावर बांधलेल्या बैठकीस आम्ही माळा म्हणतो, आणि वारा ओळखणे, निश्चल बसणे, पावलांचा कानोसा घेणे, अंधारात दोराशिवाय हालचाल न करणे ही जी विद्या एके काळी जीव घेण्यासाठी उपयोगात येई, तीच आता दोन्हीकडचे जीव राखण्यासाठी शिकावी लागते. आयुष्यभर माळ्यावर बसलेला माणूस म्हणून मला एवढेच सांगावयाचे आहे, की या विद्येचा बहुतेक भाग माळ्यावर चढण्यापूर्वीच, भर दिवसा आणि सवडीने, आटोपलेला असला पाहिजे.

ही तयारी आम्ही भाद्रपदात सुरू करतो. प्रथम झाड पाहावयाचे. चिंच आणि कडुलिंब ही आमच्याकडची भरवशाची झाडे. चिंचेचे लाकूड चिवट, वाकून सावरणारे. जांभळाची फांदी दिसावयास जाडजूड आणि आतून ठिसूळ असते, ती करकरण्याची सूचनासुद्धा न देता तुटते. शेवगा आणि पांगारा यांच्यावर तर माणसाने पाय ठेवूच नये. झाड निवडल्यावर त्याच्याभोवती सावकाश प्रदक्षिणा घालावी, खोडावर दगडाने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे, बुंध्याशी अळंबी उगवली आहे का ते पाहावे आणि मग मान वर करून शेंड्यापर्यंत नजर न्यावी, कारण वाळलेली एखादी फांदी डोक्यावर लटकत असेल किंवा पानांच्या आड आग्यामोहोळ बसलेले असेल, तर बाकीची सारी दक्षता व्यर्थ होय.

जेथे झाड नाही तेथे चार मेढी पुरून माळा उभारावा लागतो, आणि तेथे आमची काळी माती फसवते. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते, आणि या फुगण्या-आकसण्यात वरवर घट्ट वाटणारी मेढ मुळाशी सैल होऊन बसते. म्हणून खड्डा काळी संपून मुरूम लागेपर्यंत खणावा, मेढीभोवती दगडगोटे ठासावेत आणि चारी मेढींस तिरक्या आडव्या बांधून त्यांस एकजीव करावे. उंची फार करू नये; पिकाच्या वर डोके निघून चहूकडे नजर फिरली म्हणजे पुरे. आठ-दहा फुटांवरून जेवढे दिसते त्याहून वीस फुटांवरून फारसे अधिक दिसत नाही, पडणारा मात्र दुप्पट उंचीवरून पडतो.

यानंतर दोर. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ते राखणीला निघणाऱ्या प्रत्येकास जेवलास का हे विचारण्याआधी, "दोर पाहिलास का रे?" असे विचारीत. दोर पाहणे म्हणजे नुसता तो ताणून पाहणे नव्हे. अंबाडीचा दोर दोन्ही हातांत धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवावयाचा, म्हणजे त्याचे पदर एकमेकांपासून विलग होऊन आतला गाभा उघडा पडतो. तो जर पिवळसर, लखलखीत आणि लांब तंतूंचा असेल तर दोर जिवंत आहे. परंतु आत करड्या रंगाची भुकटी दिसली, किंवा नखाने ओढताच तंतू तुकड्यातुकड्यांनी हाती येऊ लागला, तर बाहेरून तो कितीही धडधाकट दिसो, त्याने आपले आयुष्य संपविले आहे असे समजावे. वीत-वीत अंतरावर ही परीक्षा करावयाची, आणि जेथे दोर फांदीवर घासत होता तेथे दोनदा. नायलॉनचा दोर कुजत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. त्यास ऊन खाते, आणि उन्हाने खाल्लेला नायलॉन बोटांस खरखरीत, पांढुरका लागतो. माळ्याच्या बांधणीत सर्वत्र निरगाठ असावी. सुरगाठीची जागा फक्त खाली-वर करावयाच्या सामानाला. अंबाडीचा दोर पावसात भिजून आवळतो आणि वाळला की ढिला पडतो, हे ध्यानी ठेवून परतीचा पाऊस येऊन गेला की सगळ्या गाठी नव्याने कसाव्यात. खिळ्यांवर भार कधीच टाकू नये. जिवंत झाड वाढते, हलते आणि खिळ्याभोवतीचे लाकूड कुजते.

एवढे करूनही अपघात होतात, आणि ते बहुधा माळ्यावर बसलेल्या माणसास होत नाहीत. ते होतात शिडी सोडून माळ्यावर पाऊल टाकण्याच्या, किंवा पहाटे गारठलेल्या, झोपेने जड झालेल्या अंगाने पहिली पायरी शोधण्याच्या क्षणी. म्हणून शिडी माळ्याच्या काठाशी संपू नये. ती कमरेइतकी वर गेलेली असावी, म्हणजे माणूस वर चढून जात नाही, आडवा सरकून आत येतो. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत. हात मोकळे राहावेत यासाठी घोंगडी, कंदील किंवा बॅटरी, पाण्याची कळशी, आणि विळा-कोयता तर विशेषेकरून, खाली एका दोरास बांधून ठेवावे आणि स्वतः स्थिर बसल्यावर वर ओढून घ्यावे. कमरेला कोयता खोवून चढणारा जवान पाहिला की मी त्यास तेथेच अडवितो, मग त्यास राग येवो अथवा न येवो.

कमरेभोवती दोर गुंडाळून त्याचे टोक फांदीस बांधण्याची जुनी रीत मला मान्य नाही. तोल गेला तर सारा भार पोटावर येतो, श्वास कोंडतो आणि दोर बरगड्यांपर्यंत सरकतो. आता जालन्याच्या बाजारात बांधकामावरच्या आणि लोखंडाच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी खांदे, छाती आणि मांड्या यांवरून जाणारे पट्टे मिळतात. मुलांना नवा मोबाईल घेऊन देणाऱ्या बापाने त्याआधी राखणदारास असा एक पट्टा घेऊन द्यावा. त्याची दोरी डोक्याच्या वर, खोडास बांधावी आणि बसल्यावर ती जवळजवळ ताणलेली राहील एवढीच लांब ठेवावी, म्हणजे पडणे वीतभरातच थांबते. तरीही लोंबकळत राहणे हेही संकटच आहे, कारण मांड्यांवरील पट्ट्यांनी पायांतील रक्त अडते; तेव्हा पाय टेकून उभे राहता येईल असा दोराचा एक फास जवळ असावा आणि हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस असावा. कोणत्या माळ्यावर कोण आहे आणि केव्हा परतणार, ही खबर घरी असल्याशिवाय कोणी बसू नये. विजा चमकू लागल्या तर पीक गेले तरी चालेल, उतरावे आणि आखाड्यावरचे पक्के घर गाठावे. मोकळ्या रानात एकटे उभे असलेले झाड हे विजेचे पहिले लक्ष्य असते.

आता गोफणीविषयी. तिच्या एका टोकाचा फास बोटात अडकवून दुसरे टोक नेमक्या क्षणी सोडावयाचे, एवढीच तिची युक्ती. परंतु सरावलेल्या हातातून सुटलेला गोटा हरणाचा पाय मोडू शकतो, माणसाचे डोके फोडू शकतो. आमच्या घरी दगड वापरीत नसत. काळ्या मातीचे लिंबाएवढे गुंडे वळून उन्हात वाळवीत. ते कळपाच्या अलीकडे पडून फुटतात, धूळ उडते, आवाज होतो आणि कळप उधळतो. जनावरास लागू नये अशा बेताने नेम धरणे हा नेमबाजीचा कठीण प्रकार आहे, आणि त्यात मला अधिक कौशल्य दिसते.

रात्री मात्र आवाजावर गोफण फिरवू नये. अयोध्याकांडात मरणोन्मुख दशरथ कौसल्येस आपल्या तरुणपणीचे जे कृत्य सांगतो, ते नेमके हेच होते: सरयूच्या काठी अंधारात घडा भरल्याचा आवाज झाला, त्यास तो हत्ती वाटला, आणि शब्दवेधी बाण एका तापसकुमाराच्या मर्मी लागला. आमच्या रानातही रात्री पाण्याचा आवाज होतो. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते, आणि शेजारचा शेतकरी थंडीत कुडकुडत हरभऱ्यास पाणी देत, चिखलातून दारे मोडीत फिरत असतो. पिकात काही खसपसले की प्रथम मोठ्याने हाक मारावी, मग उजेड टाकावा, डोळे चमकलेले दिसावेत आणि तोवर गुंडा हातातच राहावा. शेजाऱ्यांनीही आपापसांत ओ देण्याची खूण ठरवून घ्यावी.

कुंपणाच्या तारेत घरगुती विजेचा प्रवाह सोडण्याचा जो घातक प्रघात काही ठिकाणी पडला आहे, त्याबद्दल लिहिताना माझा हात थरथरतो. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेस काळवीट कोण व शेजाऱ्याचा मुलगा कोण हे कळत नाही. नुकसान झाले तर वनखात्याकडे विनाविलंब अर्ज करावा, पंचनामा करवून घ्यावा, भरपाईसाठी नेटाने पाठपुरावा करावा. मोबदला थोडा आणि विलंबाने मिळतो ही रयतेची तक्रार खरी आहे, आणि ती सरकारदरबारी मांडत राहणे हाच तिचा मार्ग आहे.

एवढी तजवीज झाली म्हणजे माळ्यावरचा माणूस निश्चिंत बसू शकतो, आणि निश्चिंत बसलेल्या माणसासच हरीण दिसते. दिवस उगवताना काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा नर मान मागे टाकून, पिळदार शिंगे जवळजवळ पाठीस टेकवून माद्यांपुढून चालत जातो, तेव्हा त्याच्या डोळ्याभोवतीचे पांढरे वर्तुळसुद्धा मोजून घ्यावे इतके स्पष्ट असते. मग कळपातली एखादी मादी चारी पायांवर उभी उसळते, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळे बांधापलीकडे झालेले असतात. त्यांचा मला राग येत नाही असे नाही. हरभऱ्याचे खुडलेले शेंडे पाहून पोटात तुटते. परंतु हा देखावा नसलेल्या रानात राखण करण्याची कल्पनाही मला सहन होत नाही.

शाळू काढून खळे झाले, की माळ्याकडे कोणाचे लक्ष राहत नाही, आणि धोक्याचा खरा काळ तेव्हा सुरू होतो. उन्हाळ्याच्या सुटीत मुले रानात येतात, त्यांना ती उंच बैठक खुणावते, आणि चार महिन्यांच्या उन्हाने दोर खाल्लेला असतो. म्हणून कडबा वाहून नेण्याच्या दिवशीच माळा उतरवावा, फळ्या आखाड्यावर नेऊन ठेवाव्यात, शिडी साखळीने बांधून टाकावी, आणि जे दोर परीक्षेत नापास झाले त्यांचे कोणी बैलाचा कासरा किंवा पोरांचा झोका करू नये म्हणून विळ्याने हातहात लांबीचे तुकडे करावेत.