झुमरी तलैयाला जाऊन आलो

झुमरी तलैया नावाचे गाव पृथ्वीच्या पाठीवर नाही, असे आमचे अण्णा ठामपणे सांगत. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत १९५९ साली रेडिओ आला आणि तेव्हापासून हा वाद घरात शिरला. सकाळी रेडिओ सिलोनवर जुनी गाणी लागत. त्यांतले शेवटचे सैगलचे, हे ठरलेले. सैगल थांबला, की आठ वाजले. चाळीतली निम्मी घड्याळे त्यावर लावली जात. मग 'आप ही के गीत' सुरू होई आणि फर्माईश करणाऱ्यांची ती लांबलचक मालगाडी निघे: गावाचे नाव, मागून पिंटू, मुन्नी, त्यांचे मम्मी-पापा आणि समस्त मित्रमंडळी. भाटापारा, राजनांदगाव ही नावेही ओळखीची झाली होती; पण झुमरी तलैया आले नाही, असा दिवस विरळा.

"ही नावं ते लोक स्वतःच बसून बनवतात," अण्णा म्हणत. "असलं नाव कुठल्या गावाला असतं काय?" एकदा तर त्यांनी रेल्वेचे वेळापत्रक आणून ताईपुढे आपटले. त्यात झुमरी तलैया नव्हते. ताईची बोलती बंद झाली.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. गाण्यांचे वेड तिचे. फर्माईशीची कार्डे ती अण्णांच्या नजरेआड टाकी. तिचे नाव काही कधी आले नाही, अशी माझी समजूत होती. अण्णांना सिनेमाची गाणी म्हणजे उडाणटप्पूपणा वाटे, आणि या बाबतीत साक्षात केंद्र सरकार त्यांच्या पाठीशी होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, म्हणजे आपलाच मराठी माणूस, १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कडवे अभिमानी. त्यांच्या अमदानीत आकाशवाणीवरून सिनेगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय करावे? मुकाट्याने काटा फिरवला आणि सिलोन लावले! त्याच वर्षी ३ डिसेंबरला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत बसून बोलत, ध्वनिफिती विमानाने कोलंबोला जात, आणि दर बुधवारी रात्री तो आवाज लघुलहरींवर हेलकावे खात पुन्हा मुंबईत येई. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाही विविध भारती काढावी लागली. अण्णा हा पराभव मनाला लावून घेत.

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सायानी गेले. त्या दिवशी ताईचा फोन आला. ऐंशी वर्षांची ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "विजू, तू अजून हिंडतोफिरतोस. एकदा झुमरी तलैयाला जाऊन ये. आणि तिथं एवढं विचार, बाहेरगावचे लोक त्यांच्या गावाचं नाव लावून कार्डं टाकत, ते त्यांना ठाऊक होतं का?" प्रश्न मला चमत्कारिक वाटला, पण थोरल्या बहिणीला कारण विचारायचे नसते.

डिसेंबरात निघालो. गयेला गाडी बदलली. गयेच्या पुढे सपाटी संपते, गाडी घाट चढू लागते, साल वृक्षांचे जंगल सुरू होते, तीन बोगदे लागतात, आणि मग येते कोडरमा. अण्णांच्या वेळापत्रकाचा उलगडा इथे झाला. स्टेशनचे नाव कोडरमा, गावाचे नाव वेगळे! मुंबईचा चाकरमानी स्टेशनावरून जग मोजतो, त्याला हे कसे कळावे? बाहेर पडलो तो दुकानांच्या पाट्यांवर जिकडेतिकडे 'झुमरी तिलैया'. इथे 'तिलैया' लिहितात. एका पाटीखाली उभा राहून मी स्वतःचा फोटो काढून घेतला. काढणारा पोरगा हसत होता. त्याला अशा खुळ्यांची सवय असावी.

गाव म्हणावे तर आता शहरच आहे. रिक्षा, मोबाइलची दुकाने, धूळ, गर्दी. पूर्वी हा बिहारचा हजारीबाग जिल्हा. १९९४ मध्ये कोडरमा जिल्हा वेगळा झाला आणि २००० मध्ये झारखंड राज्य. दामोदर खोरे महामंडळाने आपले पहिले धरण जवळच बराकर नदीवर बांधले, ते १९५३ साली. ते पाहिले. पाणी सुरेख आहे. पण मी काही धरण पाहायला आलो नव्हतो.

या गावाचा जीव होता अभ्रकात. इथल्या डोंगरांतले लालसर झाकेचे अभ्रक जगभर जाई. खाणींतून निघालेल्या वड्या बायका-पुरुष सुरीने सोलत. कागदाहून पातळ पापुद्रे काढीत. वीज अडवण्यात अभ्रकाचा हात धरणारे दुसरे थोडेच. रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये, कंडेन्सरमध्ये अभ्रकाचे तुकडे असत. हे कळल्यावर मी थक्क झालो. म्हणजे ज्या गावाचे अस्तित्व अण्णा नाकारत होते, त्या गावच्या डोंगराचा एखादा पापुद्रा आमच्याच रेडिओच्या पोटात बसून नावे ऐकवीत असला, तर नवल नाही!

अभ्रकाच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे मला नेण्यात आले. वय पंचाऐंशीच्या पुढे, गळ्याला मफलर, कान तिखट. मी मुंबईहून केवळ यासाठी आलो म्हटल्यावर त्यांनी आधी कलाकंद मागवला. इथला कलाकंद प्रसिद्ध आहे, आणि तो प्रसिद्ध का आहे ते पहिल्या घासाला कळते. मग एक जाडजूड वही काढली. हिशेबाची म्हणावी, तर आत गाणी! गीतमालेच्या प्रत्येक बुधवारची क्रमवारी: कोणते गाणे कोणत्या पायरीवर, मागच्या आठवड्यात कुठे होते, गायक, गीतकार, संगीतकार.

"संध्याकाळी गोदाम बंद झालं, की पानाच्या दुकानापाशी सभा भरे," ते म्हणाले. "आज कुणाचं नाव किती वेळा आलं, हाच विषय. एकाचं दोनदा आलं, तर दुसऱ्याला झोप नाही. तो उद्या दहा कार्डं टाकणार."

नाव ऐकू येण्यात एवढे काय होते, असे मी विचारले. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "बाबूजी, आमच्या गावाला स्टेशनदेखील आपल्या नावाचं नाही. पण सकाळी आठ वाजता सगळा हिंदुस्थान आमचं नाव ऐकत होता."

रफी की मुकेश, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही. व्यापारी मुकेशचे, त्यांचे शेजारी रफीचे. माझ्यादेखत दोघे हमरीतुमरीवर आले. मी तलतचे नाव काढले, तेव्हा दोघेही एकदम गप्प झाले आणि माना डोलावू लागले. गाण्यातला दर्दी ओळखायची ही माझी जुनी युक्ती आहे.

अभ्रकाचे दिवस मात्र सरले. १९८० च्या वनकायद्याने जंगलातल्या खाणी थंडावल्या, पुढे सोव्हिएत रशिया मोडला आणि मोठे गिऱ्हाईक गेले, कृत्रिम माल आला. आता गरिबांची कुटुंबे, त्यांत लहान लहान पोरे, पडीक खाणींच्या तोंडाशी बसून ढिबरा म्हणजे अभ्रकाचा चुरा वेचतात. त्याबद्दल बोलताना म्हाताऱ्यांचा आवाज खाली आला. वही मिटली गेली.

निघताना ताईचा प्रश्न विचारला. म्हातारबुवा मोठ्याने हसले. "आमच्याच गावची म्हणून अशी अशी नावं वाचली जात, की आम्ही एकमेकांची तोंडं पाहत बसू! हे कोण बुवा, कुठल्या गल्लीतले? पण तक्रार कोण करतो? गावाचं नाव तर होत होतं!"

दादरला ताईकडे कलाकंदाचा डबा उघडला आणि हे सारे सांगितले. ती ऐकत राहिली. मग पदराने चष्मा पुसत म्हणाली, "त्यांतलं एक कार्ड माझं होतं रे."

१९६१ सालची गोष्ट. गिरगाव लिहून नाव येत नाही, म्हणून तिने पत्ता घातला झुमरी तलैया आणि खाली लिहिले: सुमन, विजू, आई आणि अण्णासाहेब. मी सकाळच्या शाळेत होतो. अण्णा खिडकीपाशी दाढी करीत होते. रेडिओवर चारही नावे ओळीने आली.

"मग? अण्णा काय म्हणाले?"

"काही नाही. वस्तरा गालावर तसाच राहिला. गाणं संपेपर्यंत तसेच बसले होते, साबण वाळून गेला. ऑफिसला उशीर झाला त्यांना." ताईने कलाकंदाचा तुकडा मोडला. "दुसऱ्या दिवशी रेडिओचा परवाना भरायला पोस्टात गेले, ते येताना दहा कोरी कार्डं घेऊन आले. माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, या खेपेला आईचं नाव आधी घाल."